'दिड्डम' सगळ्या प्रदेशांत एकाच क्षणी वाजत नाही. तीन सर्व्हरांची घड्याळं जुळवायची कशी?

साखरपेठकर (सोलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण सगळं एकदाच सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला परत परत विचारावं लागणार नाही.

आम्ही काही जण मिळून ओपनसिम्युलेटरवर सिद्धेश्वर यात्रा उभी करतोय. ओपनसिम्युलेटर म्हणजे सेकंड लाइफसारखं त्रिमितीय जग आपल्याच सर्व्हरवर चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर. त्यात जगाचे २५६ बाय २५६ मीटरचे चौकोनी प्रदेश पडतात आणि प्रत्येक प्रदेश वेगळ्या मशीनवर ठेवता येतो. आमचे चार प्रदेश आहेत: मंदिर आणि तलाव, संमती कट्टा, होम मैदान, भुईकोट किल्ला. मानाच्या सातही काठ्या तयार आहेत, बाराबंदीचे कपडे झालेत. दुबईला, कॅलिफोर्नियाला असलेल्या ज्या सोलापूरकरांना जानेवारीत गावी येता येत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं चाललंय.

सोलापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. या यात्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळा असतो, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह. संमती वाचली जाते आणि 'दिड्डम, दिड्डम' कानावर पडलं की जमलेल्या सगळ्यांचे हात एकदम वर जातात. कट्ट्याला खेटून उभा असलेला माणूस आणि गर्दीच्या पार टोकाचा माणूस, दोघांच्या अक्षता एकाच क्षणी पडतात. तो क्षण तुटला तर मंदिर कितीही हुबेहूब केलं तरी माझ्या लेखी यात्रा झालीच नाही.

आता मशीन. मंदिर आणि कट्टा साखर पेठेत माझ्या घरच्या मशीनवर आहेत. होम मैदानावर गर्दी जास्त होते म्हणून ते मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर ठेवलंय. किल्ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मामेभावाच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातल्या जुन्या पीसीवर. तिन्हीकडे उबुंटू आहे. कारखान्याच्या राउटरवर प्रदेशाला लागणारी पोर्टं तेवढी उघडून मिळाली आहेत, बाकी सगळं बंद.

तालमीत असं दिसतंय. कट्ट्यावर 'दिड्डम' वाजलं की तिथली स्क्रिप्ट होम मैदानाला निरोप पाठवते, पण मैदानावर आवाज आणि अक्षता दीड सेकंदाने उशिरा येतात. गर्दी असली की दोन सेकंदही लागतात. किल्ल्याची स्क्रिप्ट दुसऱ्या सहकाऱ्याने लिहिली आहे, ती निरोपाची वाट न बघता आपल्या मशीनचं घड्याळ बघून ठरलेल्या वेळी वाजवते. तिथे आवाज आठ सेकंद आधीच होऊन जातो. आणि हे आठ सेकंद वाढत चाललेत, रोज साधारण दोनची भर पडते.

मुंबईच्या सर्व्हरचं आणखी एक आहे. पहाटेच्या बॅकअपनंतर त्याचं घड्याळ ४० सेकंदांनी मागे पडलेलं असतं आणि मग अर्ध्या तासात कधीतरी उडी मारून जागेवर येतं. तेव्हा आपल्याकडे पहाट असते, पण कॅलिफोर्नियात दुपार. मंडळी आत असतात.

मंदिरासमोरची दीपमाळ पंधरा मिनिटांत खालून वर उजळत जाते असं केलंय. मी एकटी आत असते तेव्हा बरोबर पंधरा मिनिटं लागतात. पाहुणे आले की तेच काम वीस-बावीस मिनिटांवर जातं.

शेवटचं म्हणजे सूर्य. होम मैदानावर लख्ख दुपार आणि शेजारी किल्ल्यावर अंधार.

हे सगळं एकाच रोगाची लक्षणं आहेत का? आणि किती मिलिसेकंदांपर्यंत जुळवणं शक्य आहे? यात्रेआधी हे मार्गी लागावं अशी फार इच्छा आहे. सांगा की ओ कुणीतरी.

---

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

ताई, उपक्रम फार आवडला. घड्याळासाठी सोपा उपाय: तिन्ही मशीनवर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) दर तासाला एनटीपीडेट (सर्व्हरला वेळ विचारून घड्याळ लावणारी आज्ञा) चालवा. एकाच सर्व्हरकडून वेळ घ्या. आमच्याकडे बरीच वर्षं असंच चालतंय, कधी तक्रार नाही.

---

एक्सचेंजकाका (सोलापूर, विजापूर रोड)

ताई, टेलिफोन एक्सचेंजमध्ये माझी नोकरी गेली, त्यातही बराच काळ सिंक्रोनायझेशनवर. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. सविस्तर लिहितो.

हा एक रोग नाही. तुमच्याकडे पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातल्या दोनच घड्याळाच्या आहेत. सगळ्यांवर एकच औषध लावलंत तर निम्मं बिघडलेलंच राहील.

आधी किल्ला, कारण तो सगळ्यात सरळ आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद. रोज दोन सेकंद पुढे म्हणजे दहा लाखांत २३ भागांची चूक. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाला ही चूक नेहमीची आहे, मशीन खराब नाही. ते मशीन कुणाला वेळ विचारतच नाहीये, कारण एनटीपी (नेटवर्कवरून वेळ विचारायची पद्धत) यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतं आणि तुम्हीच लिहिलंय की राउटरवर ठरावीक पोर्टं सोडून सगळं बंद आहे. उबुंटू बिचारं विचारत असणार, उत्तर येत नसणार.

आणखी एक बघा. पीसी बंद असताना वेळ धरून ठेवणारा बोर्डावरचा स्फटिक वेगळा असतो, सेकंदाला ३२,७६८ कंपनांचा. तो २५ अंशांच्या आसपास सर्वांत नीट चालतो. त्याहून गरम झाला की मागे पडतो, थंड झाला तरी मागेच पडतो. ४५ अंशांना दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत एमआयडीसीतल्या पत्र्याखालच्या ऑफिसात सुट्टीच्या दिवशी ४५ म्हणजे काही विशेष नाही. पीसी जुना आहे म्हणता, तर बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरीही बदलून टाका. ती संपली की वीज गेल्यावर तारीखच भलतीकडे जाते, आणि मग प्रमाणपत्रं अवैध ठरून प्रदेश ग्रिडला (सगळे प्रदेश जोडणाऱ्या जाळ्याला) जोडणंच नाकारू शकतो.

आता एनटीपी वेळ कशी काढतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. चार वेळा टिपल्या जातात: तुम्ही विचारलं ती, सर्व्हरला प्रश्न मिळाला ती, त्याने उत्तर सोडलं ती, आणि उत्तर तुमच्या हाती आलं ती. पहिली आणि चौथी तुमच्या घड्याळाची, मधल्या दोन त्याच्या. समजा किल्ल्याच्या मशीनने १०.००० सेकंदाला विचारलं, प्रश्न पोहोचला तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात २.०२० वाजले होते, त्याने २.०२१ ला उत्तर सोडलं, आणि किल्ल्यावर ते १०.०४१ ला पोहोचलं. किल्ल्याच्या हिशोबाने एकूण ४१ मिलिसेकंद गेले, त्यातला एक सर्व्हरने खाल्ला, म्हणजे रस्त्यात ४०. पहिल्या दोन वेळांतला फरक ७.९८०, शेवटच्या दोन वेळांतला ८.०२०. सरासरी ८.०००. म्हणजे किल्ला बरोबर आठ सेकंद पुढे. रस्त्यातला वेळ असा हिशोबातून गळून पडतो. अट एकच, जायला आणि यायला सारखाच वेळ लागला पाहिजे. तो सारखा नसला तर जास्तीत जास्त त्या ४० च्या निम्मी, म्हणजे २० मिलिसेकंदांची चूक राहू शकते. डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी हे उभं केलं, पहिलं प्रमाण १९८५ चं. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. आजही जगातली बहुतेक मशीन याच पद्धतीने वेळ विचारतात.

रात्रपाळी, तुमच्या सूचनेशी मी सहमत नाही, आणि कारण सांगतो. दर तासाला एनटीपीडेट म्हणजे फरक अर्ध्या सेकंदाहून मोठा असला की घड्याळाला धक्का. पुढे गेलेलं घड्याळ एकदम मागे ओढलं की तोच सेकंद मशीन दोनदा जगतं. हिशोबाच्या सर्व्हरवर हे कदाचित चालून जाईल. इथे स्क्रिप्ट 'दिड्डम' दोनदा वाजवेल. घड्याळ मागे कधीच जाता कामा नये. ते किंचित हळू किंवा किंचित जलद चालवून ओढत आणायचं असतं. घड्याळ जुळवणारा जुना प्रोग्रॅम एनटीपीडी दहा लाखांत ५०० भागांपेक्षा जास्त ओढत नाही, म्हणजे एक सेकंद भरून काढायला त्याला २,००० सेकंद लागतात, अर्ध्या तासाहून जास्त. क्रॉनी हा दुसरा प्रोग्रॅम हे काम बरंच लवकर करतो आणि तुमच्या स्फटिकाची खोड, ते दहा लाखांत २३, शिकून ठेवतो. इंटरनेट गेलं तरी त्या शिकलेल्या खोडीवर तो घड्याळ सांभाळतो. तासाच्या धक्क्यातून हे मिळत नाही. शिवाय एकाच सर्व्हरवर विसंबलात तर तो चुकला की तुम्हीही चुकलात, आणि दोन ठेवलेत तर कोण खोटं बोलतंय ते कळत नाही. निदान चार ठेवा. आपल्या देशाची प्रमाण वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा राखते आणि तिचा एनटीपी सर्व्हर सगळ्यांसाठी खुला आहे. तो यादीत असू द्या, बाकीचे भारतीय पूलमधले (खुल्या वेळ-सर्व्हरांच्या गटातले) घ्या.

मुंबईचा सर्व्हर. बॅकअप घेताना होस्ट (ज्या खऱ्या मशीनवर तुमचं चालतं तो) तुमचं व्हर्च्युअल मशीन गोठवतो. गोठलेलं असताना त्याच्यासाठी काळ थांबतो, बाहेर मात्र ४० सेकंद निघून जातात. जागं झाल्यावर त्याला पत्ताच नसतो. आणि उबुंटूवर बहुधा सिस्टिमडी-टाइमसिंकडी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम चालू असणार. तो दोन विचारण्यांमध्ये २,०४८ सेकंदांपर्यंत थांबतो, म्हणजे साधारण ३४ मिनिटं. फरक ०.४ सेकंदांहून मोठा दिसला की सरळ उडी मारतो. तुमचं 'अर्ध्या तासात कधीतरी' इथून येतं. तिथेही क्रॉनी घाला. पण क्रॉनीची नेहमीची मांडणी सुरुवातीच्या तीन मोजमापांपुरतीच उडी मारू देते, नंतर फक्त ओढते. ४० सेकंद ओढत आणताना आठेक मिनिटं घड्याळ आठ टक्के जलद धावेल. म्हणून खरा उपाय म्हणजे मशीन न गोठवता होणारा बॅकअप मागा, नाही मिळाला तर यात्रेच्या दिवसांत बॅकअप बंद ठेवा. होस्ट स्वतःचं घड्याळ पीटीपी उपकरण (एनटीपीहून नेमकी वेळ देणारी सोय) म्हणून आत दाखवत असेल तर क्रॉनीला तेच द्या. मग इंटरनेटवरून विचारायची गरज उरत नाही आणि चूक मायक्रोसेकंदांत येते.

आता होम मैदानाचे दीड सेकंद. ही घड्याळाची चूक नाहीच. घड्याळ मायक्रोसेकंदाला लावलंत तरी ते दीड सेकंद तसेच राहतील. तिथे निरोप पोहोचला की वाजतं, आणि निरोपाला वाटेत, रांगेत, स्क्रिप्टच्या पाळीत वेळ लागतो. गर्दी वाढली की जास्त लागतो, हे तुम्हीच टिपलंय. सोलापूर-मुंबई चारशे किलोमीटर धरले तरी काचेच्या तारेतून प्रकाशाला दोन मिलिसेकंद पुरतात. बाकी सगळा वेळ रांगेचा आहे.

म्हणून 'आता वाजव' असा निरोप पाठवायचाच नाही. '१२ वाजून ४० मिनिटं ०० सेकंदाला वाजव' असा निरोप दहा सेकंद आधी पाठवायचा. कट्ट्यालाही तोच, किल्ल्यालाही तोच. निरोप दीड सेकंदाने पोहोचू दे नाहीतर चार सेकंदांनी, काही बिघडत नाही. प्रत्येकजण आपलं घड्याळ बघतो आणि वेळेला वाजवतो. घड्याळं जुळवायची ती याचसाठी.

एक गोष्ट मी आवर्जून करा म्हणेन. तिन्ही मशीन दिल्लीच्या वेळेशी जुळण्यापेक्षा एकमेकांशी जुळणं तुमच्यासाठी जास्त मोलाचं आहे. सगळं जग अर्धा सेकंद उशिरा चाललं तर कुणाला कळणार नाही, पण दोन शेजारी प्रदेशांत अर्धा सेकंद पडला तर लगेच कळेल. म्हणून घरच्या मशीनला मुख्य करा. त्याने बाहेरच्या चारांना विचारावं, आणि किल्ला-मैदानाने घरच्याला. मामेभावाला सांगा, १२३ सगळ्या जगाला नको, फक्त माझ्या घरच्या पत्त्यापुरतं उघड. तेवढं तो देईल. नाहीच दिलं तर वायरगार्डचा बोगदा (दोन मशीनमधली खासगी जोडणी) टाकून त्यातून विचारा. बाहेरच्या चारांकडून उत्तर येईनासं झालं तरी क्रॉनीच्या 'लोकल' मांडणीमुळे घरचं मशीन वेळ देत राहतं. मशीनचा टाइमझोन तिन्हीकडे यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवा. साडेपाच तास मिळवायचे ते फक्त माणसाला दाखवताना. निरोपातली वेळही यूटीसीतच घाला.

एक्सचेंजमध्ये आम्ही हे असंच करायचो. वरून खाली वेळेची उतरंड. आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० वेळा घेतले जातात, म्हणजे एक चौकट १२५ मायक्रोसेकंदांची. दोन एक्सचेंजची घड्याळं वेगळी चालली की मधेच एक चौकट गळते. तिला आम्ही स्लिप म्हणायचो. आंतरराष्ट्रीय प्रमाण असं होतं की दोन देशांच्या मुख्य घड्याळांमध्ये ७० दिवसांत एखादीच स्लिप व्हावी. बोलणाऱ्याला एक चौकट गेलेली कळतही नाही, पण फॅक्सचं पान त्यात बिघडायचं.

माझ्या गच्चीवर जीपीएसचा छोटा अँटेना आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे. दर सेकंदाच्या ठोक्यावर तो वेळ धरतो. हवा असेल तर तुमच्या चारांत पाचवा म्हणून घ्या, निरोप टाका.

---

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

काका, मागे जाणाऱ्या घड्याळाचा मुद्दा पटला. आमच्याकडे फक्त रात्रीचे अहवाल निघतात, त्यामुळे दोनदा आलेल्या सेकंदाने काही अडत नाही. ताईंच्या कामाला क्रॉनीच योग्य.

---

पुण्यात_राहणारा_सोलापुरी

एक्सचेंजकाकांनी घड्याळाचं सगळं सांगितलंय. मी गेम सर्व्हरवर काम करतो, म्हणून दीपमाळ आणि सूर्य माझ्याकडे घेतो.

दीपमाळेची स्क्रिप्ट टाइमरचे ठोके मोजत असणार. ठोका आला, एक दिवा लावला, पुढचा ठोका. पण आभासी जगाचा ठोका म्हणजे सेकंद नव्हे. ओपनसिम्युलेटर एक फेरी साधारण ९१ मिलिसेकंदांत पुरी करायला बघतो, सेकंदाला अकरा फेऱ्या. आत माणसं वाढली की फेरी लांबते, सगळे ठोके मागे सरकतात आणि तुमची पंधरा मिनिटं बावीस होतात. माइनक्राफ्टमध्ये हेच दिसतं. तिथे दिवस २४,००० ठोक्यांचा, सेकंदाला २० ठोके, म्हणजे २० मिनिटांचा दिवस. सर्व्हर दमला की दिवसच लांबतो. ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या खेळवाल्यांनी तर हे मुद्दाम केलं. मोठी लढाई झाली की तिथला काळ मूळ वेगाच्या १० टक्क्यांपर्यंत हळू करतात, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या ठिकाणची लढाई त्यामुळे सुमारे २१ तास चालली. त्यांच्यासाठी ते योग्य आहे, कारण लढाईला बाहेरच्या घड्याळाशी देणंघेणं नाही. यात्रेला आहे.

तेव्हा दिवे मोजून लावू नका. दीपमाळ सुरू झाली ती वेळ एकदा लिहून ठेवा. प्रत्येक ठोक्याला फक्त एवढंच विचारा: आता किती वाजले, सुरू होऊन किती सेकंद झाले, तेवढ्या सेकंदांत किती दिवे लागलेले असायला हवेत? तेवढे लावा. ठोका उशिरा आला तर एकदम दोन दिवे लागतील, पण पंधराव्या मिनिटाला शेवटचा लागणारच. स्क्रिप्टमध्ये यासाठी युनिक्स टाइम किंवा टाइमस्टॅम्प वापरा. युनिक्स टाइम पूर्ण सेकंदच देतो, दिव्यांना तो पुरेल. 'दिड्डम'ला टाइमस्टॅम्पच हवा, त्यात सेकंदाचे भाग मिळतात. स्क्रिप्ट सुरू झाल्यापासूनची वेळ देणारं फंक्शन टाळा, सेकंड लाइफमध्ये तर ते सर्व्हरच्या दमछाकीबरोबर हळू होतं. आणि वॉलक्लॉक हे फंक्शन पॅसिफिक वेळ देतं, त्याच्या वाटेला जाऊच नका. जानेवारीत कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेबारा.

सूर्याचा तुमच्या घड्याळाशी काही संबंध नाही. आठ सेकंदांच्या फरकाने दुपारची रात्र होत नसते. सेकंड लाइफच्या मूळ पद्धतीत दिवस ४ तासांचा असतो, तीन तास उजेड आणि एक तास अंधार. किल्ल्याच्या प्रदेशाला तेच राहिलं असणार आणि बाकीच्यांना तुम्ही २४ तास दिले असणार. प्रदेशाच्या पर्यावरण मांडणीत दिवसाची लांबी आणि ऑफसेट (सूर्य घड्याळाच्या किती पुढे-मागे ते), दोन्ही चारही प्रदेशांना सारखे करा.

ऑफसेट ठरवताना एक लक्षात घ्या. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची. सोलापूर ७५.९ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या साधारण २६ मिनिटं मागे. संक्रांतीच्या सुमारास सूर्य स्वतःच आणखी नऊ मिनिटं मागे असतो. म्हणजे त्या दिवसांत सोलापुरात सूर्य डोक्यावर येतो तो १२ वाजता नाही, १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास. तलावातल्या मंदिराची सावली खरी हवी असेल तर ही ३५ मिनिटं धरा. बाहेरगावी राहणाऱ्याला त्या सावलीवरून गाव ओळखू येतं, मी अनुभवाने सांगतो.

---

साखरपेठकर (सोलापूर)

काका आणि पुण्याचे भाऊ, दोघांचे मनापासून आभार. करून बघितलं ते लिहिते.

मामेभावाने १२३ उघडून दिलं, फक्त माझ्या घराच्या पत्त्यासाठी. किल्ल्याचं मशीन आता घरच्यापेक्षा एक-दोन मिलिसेकंदांच्या आत असतं. क्रॉनीच्या ट्रॅकिंगमध्ये त्याची खोडही दिसली, दहा लाखांत २२.८. काका, तुम्ही न बघता सांगितलेला आकडा! बोर्डाची बॅटरी बदलली. मुंबईला होस्टचं पीटीपी उपकरण मिळालं नाही, पण बॅकअपची वेळ आमच्या हातात दिली आहे, यात्रेच्या आठवड्यात तो बंद राहील.

निरोप दहा सेकंद आधी पाठवायची पद्धत लावली. कट्टा, मैदान, किल्ला, तिन्हीकडे टिपलेल्या वेळा आता एकमेकांपासून १०० मिलिसेकंदांच्या आत येतात. आधी आठ सेकंद होते! दुबईहून माझी आत्या आत आली होती, ती म्हणाली आता एकदम वाटतं. दीपमाळ पंधराव्या मिनिटाला पुरी होते. सूर्याचंही तसंच निघालं, किल्ल्यावर ४ तासांचा दिवस होता.

एक राहिलं. कट्टा आणि होम मैदान यांच्या सीमेवर उभं राहिलं की 'दिड्डम' दोनदा ऐकू येतं, एकामागून एक. मध्यभागी उभं राहिलं तर नाही येत. पहिल्यांदा आत येणाऱ्याला कुठेही उभं असलं तरी आवाज कधीकधी उशिरा येतो. घड्याळं आणखी घट्ट जुळवली तर हे जाईल का?

---

पुण्यात_राहणारा_सोलापुरी

नाही जाणार. घड्याळ एक मिलिसेकंदावर आलं तरी प्रदेश त्या ९१ मिलिसेकंदांच्या फेरीतच काम करतो, आणि दोन प्रदेशांच्या फेऱ्या एकमेकांशी जुळलेल्या नसतात. म्हणजे वेळ बरोबर कळूनही एक प्रदेश लगेच वाजवेल आणि दुसरा पुढच्या फेरीत. तुमचे १०० मिलिसेकंद तिथले आहेत. कानाला साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांच्या पुढे दोन आवाज वेगळे ऐकू येतात, म्हणून सीमेवर प्रतिध्वनी येतो. उपाय घड्याळाबाहेर आहे. पार्सलच्या (प्रदेशातल्या जमिनीच्या तुकड्याच्या) मांडणीत आवाज त्या पार्सलपुरताच ठेवायची सोय असते, ती दोन्हीकडे चालू करा. मग माणूस ज्या बाजूला उभा आहे तिथलाच आवाज त्याला येईल. अक्षता मात्र दोन्हीकडच्या दिसू द्या. डोळ्याला एवढा फरक खुपत नाही.

पहिल्यांदा येणाऱ्याच्या संगणकावर आवाजाची फाइल उतरलेली नसते, ती उतरेपर्यंत उशीर होतो. माणूस प्रदेशात आला की लगेच स्क्रिप्टने आवाज आधी उतरवून ठेवायला सांगायचं, त्यासाठी वेगळं फंक्शन आहे. निरोप दहा सेकंद आधी जातोच आहे, तेव्हाही एकदा सांगा.

आणि १०० मिलिसेकंदांचं वाईट वाटून घेऊ नका. खऱ्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कर्णे नसते तर २५६ मीटरवरच्या माणसाला 'दिड्डम' पाऊण सेकंदाने ऐकू आलं असतं. तुमच्या जगात टोकाच्या माणसाला ते त्याहून लवकर पोहोचतंय.

---

एक्सचेंजकाका (सोलापूर, विजापूर रोड)

पार्सलचा उपाय उत्तम. मी दोनच गोष्टी सांगतो.

यात्रेआधीच्या तालमीत घरचं बाहेरचं इंटरनेट मुद्दाम तोडून बघा असं सांगणार होतो, पण तुमचं मुख्य मशीनच घरी आहे. ते तुटलं की मैदान आणि किल्ला दोघंही अनाथ. तेव्हा मैदान आणि किल्ला यांना घरच्याच्या जोडीला माझ्या गच्चीवरचं घड्याळही द्या. मामेभावाला आणखी एक पत्ता उघडावा लागेल. मग घरची लाइन तोडा, तासभर तशीच ठेवा, आणि मैदान-किल्ल्यातला फरक टिपत राहा. क्रॉनीने स्फटिकाची खोड शिकलेली असेल तर फरक दोन-चार मिलिसेकंदांच्या वर जाता कामा नये.

दुसरं, तिन्ही मशीनवर क्रॉनीची नोंदवही चालू ठेवा आणि प्रत्येक 'दिड्डम'ची खरी वाजलेली वेळ त्याच्याशेजारी लिहा. फरक पडलाच तर घड्याळाचा की फेरीचा, ते त्यावरून पाच मिनिटांत कळतं. लीप सेकंदाची काळजी नको. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला घातला होता, त्यानंतर आजवर घातलेला नाही. फक्त लीप सेकंद दिवसभरात पसरून देणारे काही मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर असतात, ते बाकीच्यांबरोबर एका यादीत मिसळू नका.

गच्चीचा पत्ता तुम्हाला वेगळ्या निरोपात पाठवलाय. मैदानावरून आधी विचारून बघा, उत्तर आलं की कळवा, मग किल्ल्याचं करू.